डावा हात पाठीमागे

एकांकिका स्पर्धेच्या हॉलमध्ये मी कॉलेजचं पत्र खिशात घेऊन बसलो होतो. मुलीची हजेरी कमी आहे, पालकांनी सही करून पाठवावं. मी वायरमन. तीस वर्षं खांबांवर चढलो ते पोरगी इलेक्ट्रिकल इंजिनियर होऊन खुर्चीत बसावी म्हणून, आणि ही तास बुडवून नाटकांचे लाइट लावत होती! प्रयोग संपला की सगळ्यांदेखत झापणार होतो.

नाटक रंगात आलं असताना फट्‌ असा आवाज झाला आणि स्टेज अंधारात बुडालं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. सवयीनं मी उठून बोर्डाकडे धावलो.

ती आधीच तिथं होती. दातांत टॉर्च धरून तिनं मेन स्विच बंद केला, जळकी वायर छाटली, नवी जोडली. मग स्विच चालू करून टेस्टर लावताना तिचा डावा हात आपसूक पाठीमागे गेला. चालू लाइनला एकच हात लावायचा, ही आम्हा वायरमनची जुनी सवय. मी तिला ती कधीच शिकवली नव्हती.

"हे कुठं शिकलीस?"

"इथंच, बाबा. दोनदा शॉक खाऊन. वर्गातल्या फळ्याला करंट नसतो."

स्टेज उजळलं, टाळ्या पडल्या. मी पत्र काढून सही केली. सहीखाली पालकाचा व्यवसाय लिहायचा होता. बालवाडीपासून तिच्या प्रत्येक फॉर्मवर मी तिथं नुसतं 'नोकरी' लिहीत आलो होतो.

आज मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वायरमन'.