घरात दोघीच

चेन्नईत वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये रेवासोबत राहणारी मिरजेची तहसीन बाहेर जाताना हिजाब घट्ट बांधायची आणि घरात येताच केस मोकळे सोडायची. “बाहेर सोवळं, आत मोकळं! पाणी मुरतंय कुठेतरी,” रेवा मंदारला म्हणाली. तिच्या या होणाऱ्या नवऱ्याने हॉलमध्ये छुपा कॅमेरा बसवला. “माझ्या फोनवर दिसेल. कोण येतं, बघतोच.” आठवड्याने रेवाने त्याचा फोन हिसकावला. कुणीच आलं नव्हतं. मंदारने जपून ठेवलेल्या प्रत्येक व्हिडिओत तहसीन नुसते केस विंचरत होती. “पुरावा गं,” तो ओशाळून हसला. “कशाचा रे, मेल्या?” रेवा धावत घरी आली. तहसीन हॉलमध्ये तेलाची वाटी घेऊन बसलेली. “आलीस? आपण दोघीच असलो की डोक्याला वारा लागतो बघ.” रेवाने खुंटीवरचा हिजाब ओढून तिच्या डोक्यावर घातला. “आधी डोकं झाक, मंदार बघतोय. मग माझं तोंड फोड.”