एकच पान

बोमीची टोपली अंगणातल्या वर्तमानपत्रावर पालथी झाली आणि मालसुन आजी एकेक पान उचलून उन्हात धरू लागली. डोंगरावरून खुडून आणलेली अस्वलभाजी. हुबेहूब तशीच दिसणारी एक विषारी वनस्पती ओढ्याकाठी उगवते. तिचं एक पान जरी सापडलं, तरी या घरात अख्खी टोपली फेकून देतात. गेली तीन वर्षं बोमीची भाजी थेट परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात गेली होती.

शेवटचं पान खाली ठेवून आजी म्हणाली, “पास!”

बोमीनं उडीच मारली.

“नाचू नकोस. आता माझी टोपली बघ. एकमेकींची तपासायची, नियम म्हणजे नियम.”

आजीची टोपली दुप्पट मोठी होती. बोमी पानं बाजूला करत गेली आणि मध्येच थांबली. हातातलं पान जाड होतं, चकचकीत होतं. कडेचे दाते बोथट.

आजी सोयाबीन मुरत घातलेल्या रांजणाला टेकून गुडघे चोळत होती. सकाळपासूनची चढण. संध्याकाळी मामा येणार होता, आजीच्या पानांत भात आणि डुकराचं मांस गुंडाळून खायला. हे एवढं पान गुपचूप खिशात टाकलं तर?

“काय गं, झोपलीस?”

“आजी... हे ओढ्याकाठचं आहे.”

“माझ्या टोपलीत? तुझ्या आईला दात यायच्या आधीपासून खुडतेय मी! वास घे त्याचा, अस्वलभाजीचाच येईल.”

“वास येणारच. सकाळपासून बाकीच्यांना चिकटून बसलंय. फाडून बघ, आतून काहीच वास नाही.”

आजीनं पान फाडून नाकाशी नेलं. “मला सर्दी झालीय.”

“म्हणूनच तर!”

आजीनं पान लांब धरलं, जवळ धरलं, कडेवरून बोट फिरवलं. मग उठली आणि आपली सगळी भाजी खड्ड्यात ओतून आली. बोमीचे डोळे भरले. पण आजीचे खांदे गदगदा हलत होते. ती हसत होती.

“आज ताटात तुझीच भाजी,” म्हणत तिनं रबरी बूट चढवले, रिकामी टोपली काखेत मारली आणि बोमीचं मनगट धरून गल्लीत शिरली.

“ओक्बुन! अगं ए ओक्बुन! माझी टोपली फेकायला लावली हिनं! विषारी पान शोधून काढलं!”

पुढच्या दारात पानं दोन झाली. गिरणीपाशी मूठभर.

“आजी, एकच होतं!” लाजेनं लाल झालेली बोमी तिचा हात ओढत होती.

“तू गप्प बस,” आजी म्हणाली आणि पुढचं फाटक ठोठावू लागली. “अहो, ऐकलंत का? निम्मी टोपली! निम्मी टोपली विषारी निघाली माझी!”