कुलूपवालीची फाइल

"किती वर्षं?" तिने विचारलं आणि तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं.

दप्तरवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कसली वर्षं?"

"तुमच्या विभागातली माहिती किती वर्षं कुणाच्या हाती लागता कामा नये? नवं कुलूप आधी कुणाला लावायचं, ते त्यावर ठरणार."

हॉस्पिटलात तिला सगळे कुलूपवाली म्हणत. कॉम्प्युटरमधल्या माहितीला कुलपं घालणं हे तिचं काम. आजची कुलपं तशी पक्की होती. फोडायला बसलं तर हजारो वर्षं लागली असती. पण निराळ्याच जातीचा एक कॉम्प्युटर, क्वांटम कॉम्प्युटर, हळूहळू आकाराला येत होता. तो पुरता तयार झाला की हीच कुलपं काही तासांत उघडतील, अशी धास्ती होती. आणि चोर काही दुधखुळे नव्हते. ते कुलूपबंद माहिती आजच उचलून नेत आणि त्या दिवसाची वाट बघत बसत. म्हणून महिनाभर ती हा तक्ता घेऊन टेबलाटेबलांवर हिंडत होती. पार्किंगवाल्याने गाड्यांच्या नंबरांसाठी "कायमचं" असं सांगितलं. धुलाईवाल्यानेही चादरींच्या यादीसाठी तेच. आपला तो बाब्या! दोघांच्याही नावापुढे तिने गुपचूप "एक" लिहून टाकलं होतं.

हा विभाग मात्र तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. इथे आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या आजारांची तपासणी होई. इथल्या दोनशे बारा फायलींवर तांबडी खूण होती. म्हणजे या माणसांनी रक्त दिलं, पण निकाल ऐकायला नकार दिला. त्यातली एक फाइल तिची होती.

वडिलांचे हात बेचाळिसाव्या वर्षी थरथरायला लागले. पन्नाशीत ते तिला ओळखेनासे झाले. तेच तिच्याही रक्तात असण्याची शक्यता निम्मी होती. सहा वर्षांपूर्वी तिने धीर करून रक्त दिलं आणि जिना उतरता उतरताच तिचा धीर सुटला. ती परत वर गेली, "निकाल नको" असं लिहून दिलं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आता ती छत्तीस वर्षांची होती. किल्ली तिच्याच हातात होती. एक बटण दाबलं असतं तर सगळं समोर आलं असतं. पण कुंपणानेच शेत खायचं नाही, एवढं तिने कटाक्षाने पाळलं होतं. आत काय लिहिलं असेल, हा किडा मात्र डोक्यातून जात नव्हता.

त्यातच गेल्या वर्षी या विभागाच्या फायलींची अख्खी प्रत चोरीला गेली. नवं कुलूप हॉस्पिटलातल्या फायलींना लागणार. गेलेल्या प्रतीवर जुनंच राहणार. दहा-बारा वर्षांनी कुणीतरी परका माणूस चहाचा घोट घेता घेता तिच्या नशिबात काय आहे ते वाचणार होता. भीतीपेक्षा तिला त्याचाच जास्त राग येत होता.

"बाकीच्या फायलींचं सांगतो मी," काका म्हणाले. "पण तांबड्या खुणेचं मी कोण सांगणार? ज्याची फाइल त्यालाच विचारायचं, हा इथला दंडक. दोनशे अकरा जणांना पत्रं टाकतो. एकीला समोरासमोरच विचारतो. बोला ताई, किती वर्षं?"

तिने पेन खाली ठेवलं.

"एक दिवसही नको," ती म्हणाली. "उघडा, काका. परक्याने वाचण्याआधी मीच वाचते."

काकांनी दोनदा विचारून खात्री केली, कागदावर तिची सही घेतली आणि फाइल उघडून पडदा तिच्याकडे वळवला. नाव होतं, तारीख होती. निकालाची चौकट कोरी होती.

"निकाल कुठाय?"

"केलाच नाही. माणूस ऐकायला येऊन बसल्याशिवाय आमच्या डॉक्टरीणबाई तपासणीच करत नाहीत. म्हणतात, ज्याचं त्यालाच जाणून घ्यायचं नाही, ते आपण का जाणून घ्यावं? तुम्ही नको म्हणालात, त्याच संध्याकाळी रक्त टाकून दिलं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"हवं तेव्हा या, असं सांगितलं होतं की! निकाल तयार आहे, असं कोण म्हणालं होतं?"

"आणि कोऱ्या फायलीला कुलूप कशाला?"

"कोऱ्या फायली उघड्या ठेवल्या तर भरलेल्या कुठल्या ते कळेल ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिला हसू फुटलं. सहा वर्षं ती एका रिकाम्या खोलीवर पहारा देत होती. आणि तो बिचारा चोर! बारा वर्षं ताटकळून त्याच्या हाती कोरी चौकट येणार. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं, तक्ता काखेत मारला आणि ती उठली.

"सुटलात, ताई," काका म्हणाले. "आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तुमचं गुपित फुटायचं नाही."

दारापर्यंत गेलेली कुलूपवाली थबकली, परत येऊन खुर्चीत बसली आणि उजव्या हाताची बाही वर सरकवायला लागली.