मुखड्यानंतर

"फक्त मुखडा गा," मोबाइल धरून शर्वाणीचा भाऊ निनाद म्हणाला. "त्याच्यापुढे लोक ऐकत नाहीत गं."

शर्वाणीने केस पुन्हा सारखे केले आणि तीच ओळ पुन्हा हसून गायली. वर्षभर ती हेच करत होती. कधी गच्चीवर, कधी नदीच्या घाटावर, साडी बदलून. गाणं तिनेच लिहिलेलं, चालही तिचीच. फॉलोअर वाढत होते, पण आता ती ओळ ओठांवर आली की तिला कंटाळा यायचा.

अखेर सांगलीत तिचा पहिला कार्यक्रम झाला. सभागृह भरलं. मुखडा सुरू होताच सगळे मोबाइल वर गेले आणि संपताच खाली आले. काहीजण तर उठून निघालेसुद्धा. शर्वाणीने अंतऱ्यासाठी श्वास घेतला, आणि तिला शब्दच आठवेनात. गिटारवाला तीच सुरावट वाजवत तिच्याकडे बघत राहिला.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी अंतरा सुरू केला. सूर कच्चा होता, पण शब्द अगदी बरोबर होते.

"तुम्हाला कसा पाठ?" शर्वाणीने माइकवरूनच विचारलं.

"अहो, सुरुवातीला तुम्ही अख्खं गाणं टाकलं होतं ना? रोज स्वयंपाक करताना लावते मी."

शर्वाणी माइक घेऊन मंचावरून उतरली आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "मी तुमच्यामागून म्हणते."