फाटकाची कडी

"काका, उघडताय ना? डॉक्टरांची वेळ घेतलीय," सावनीची आई तिसऱ्यांदा म्हणाली.

शाळेचा नवा सुरक्षारक्षक हणमंत चौगुले कडीला हात लावून नुसताच उभा होता. वर्गशिक्षिकेच्या सहीची चिठ्ठी होती, ओळखपत्रावरचा फोटोही जुळत होता. पण हीच बाई गेल्या बुधवारी सावनीला घेऊन गेली होती आणि पोर परत सापडली नव्हती. तिच्या बापाने फाटकाशी फोडलेला हंबरडा हणमंतच्या कानातून जात नव्हता.

त्याने प्रशिक्षक मोहिते सरांना फोन लावला.

"अहो चौगुले, बुधवारी तुमचं प्रशिक्षण होतं!" सर हसले. "कपाळाला पट्टा लावून वीस मिनिटांत दहा वर्षांचा अनुभव भरला ना तुमच्या डोक्यात? त्यातलं काहीएक घडलेलं नाही. खरं वाटावं म्हणून चेहरे तुमच्याच शाळेच्या प्रवेश अर्जांवरून उचलले, एवढंच."

"म्हणजे ही खरी आई?"

"शंभर टक्के. सोडा पोरीला."

हणमंतला हायसं वाटलं, पण क्षणभरच. बुधवारीही त्याने सरांना फोन केला होता, आणि सर असेच हसून "सोडा" म्हणाले होते.

"आई!" दप्तर सावरत सावनी धावत आली. बुधवारीही ती अशीच आली होती.

हणमंतने कडीवरचा हात काढला आणि पट्टा अजून आहे का, ते तो कपाळावर चाचपू लागला.