फळीच्या अलीकडे

या खेपेलाही ती लांब उडीच्या फळीपाशी येऊन अडखळली, दोन-तीन बारीक पावलं तुरुतुरु टाकली आणि उडी न मारताच वाळूतून चालत पलीकडे गेली.

"झालं!" खड्ड्याच्या कडेला फावडं घेऊन उभा असलेला तिचा दादा म्हणाला. "वाळू नुसती तुडवायचीच होती, तर मला कशाला झोपेतून उठवलंस?"

"गप रे तू!"

 प्रशिक्षक सरांची अट सोपी होती. संघात परत यायचं असेल तर आज एक उडी मारून दाखवायची. लांब नसली तरी चालेल, पण न थांबता पळत येऊन, फळीवर पाय देऊन मारलेली हवी. डॉक्टरांनी उड्या मारायला मोकळीक दिली होती. हाडं भरून आली होती. अडत कुठे होतं तेच तिला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून पाय एका जागी ठरत नव्हता. ती बुटाची नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. आपण भित्रे झालो, या विचाराने तिला स्वतःचीच चीड येत होती.

मैदानावर तिला सगळे लवंगी म्हणत. मूर्ती लहान, पण पळत आली की समोरच्याने मुकाट बाजूला व्हावं. संघाच्या दर फोटोत "तू पुढे बस गं" ऐकून कान किटले, तेव्हा तिने नडग्यांची हाडं कापून पाय वाढवून घेतले. चार बोटं उंची मिळाली. "मिरची लांबली की तिखट उतरतं," असं दादा घरात म्हणाला होता आणि आईचा धपाटा खाल्ला होता.

"एकदा परत मोजते," ती म्हणाली.

फळीला टाच टेकवून तिने पावलाला पाऊल भिडवत मोजायला सुरुवात केली. उडी मारणारे सगळे अशीच आपापली जागा ठरवतात. मोजणी संपली ती दिव्याच्या खांबासमोर, नेहमीच्याच ठिकाणी.

"बघा सर, अगदी तिथेच. इतकी वर्षं मी इथूनच पळतेय." सकाळपासून एवढी एकच गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती.

सरांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. "नंबर तोच?"

"तोच. ऑपरेशनने पाऊल थोडंच वाढतं?"

"मग खूणही तिथेच येणार. पण पळताना पावलं पडत नाहीत गं, ढांगा पडतात."

"ढांग तर वाढलीच असणार ना! पाय लांब झालेत माझे."

"फळीवर उभी राहा," सर म्हणाले. "खड्ड्याकडे पाठ कर आणि खांबाच्या दिशेने पळत सूट. तुझ्या नेहमीच्या ढांगा पुऱ्या होईपर्यंत मी मोजतो."

नव्याने आलेल्या मुलांना असं पळायला लावतात. तिचा चेहरा लालबुंद झाला, तरी ती पळाली. समोर फळी नव्हती, खड्डा नव्हता. त्या सकाळी पहिल्यांदाच ती मोकळी पळाली. दादा धापा टाकत शेजारून पळत होता. सर "इथे!" म्हणून ओरडले, तसा त्याने तिचा डावा पाय पडला त्या जागी आपली चप्पल काढून ठेवली.

ती मागे वळली. चप्पल खांबाच्या बरीच अलीकडे, फळीच्या बाजूला होती.

"एवढ्यावर? सर, इथून शाळेतल्या मुली पळतात!"

"पळू देत की. जागा कुणाच्या नावावर आहे?"

"पाय लांब आणि ढांग आखूड?" तिचा आवाज चिरकला. "मग मी हे सगळं केलं कशासाठी?"



"ते मी काय सांगणार?" सर म्हणाले. "हाड वाढलंय, स्नायू अजून ओढूनताणून पुरतायत. ढांग परत येईल, कदाचित नाहीही येणार. पण सकाळपासून तू स्वतःला भित्री समजतेयस ना, ते काढून टाक डोक्यातून. त्या खांबापासून पळालीस तर फळी तुला लांबच पडणार. ती खूण जुन्या पायांची आहे."

तिला रडू आलं. बाहीने नाक पुसत ती चपलेपाशी जाऊन उभी राहिली. तिथून खड्डा हसू येण्याजोगा जवळ दिसत होता, अंगणातून ओसरीवर उडी मारायची असावी इतका.

ती पळाली. बारीक पावलं टाकावीच लागली नाहीत. फळी आपोआप पायाखाली आली, डावा पाय दणकन पडला आणि ती वर उचलली गेली.

वाळूत ती बसकण मारून आपटली. केसांत वाळू, तोंडात वाळू. सरांनी वाकून फळी पाहिली आणि मान हलवली. पाय बरोबर फळीवर पडला होता.

"लांबी काही फार नाही हं," दादा म्हणाला.

"गप रे," ती म्हणाली, पण ती हसत होती.

दादा एका पायाने लंगडत चप्पल आणायला निघाला.

"राहू दे ती तिथेच," सर म्हणाले. "उद्या सकाळी हिला लागेल."

दादा आपल्या अनवाणी पायाकडे बघत राहिला. बहीण मात्र वाळूही न झटकता त्याला ओलांडून चपलेकडे निघाली होती.

"उद्या कशाला?" ती म्हणाली.