चिठ्ठीवर पोलाद

“हवेची पिशवी फाटली, तर माणूस वर येतो का हो?” बाईंनी विचारलं.

मास्तरांचा पाना हातातच राहिला. पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या सामानाच्या या दुकानात गिऱ्हाईक माप विचारायचं, रंग विचारायचं, फार तर घासाघीस करायचं. असा प्रश्न तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

टेबलावर दोन प्लेट्स होत्या. पाण्यात उतरणारा ही प्लेट पाठीवर बांधतो आणि टाकी तिच्यावर कसतो; मधे हवेची पिशवी असते, ती फुगवली की माणूस तरंगतो. एक पोलादाची, दुसरी ॲल्युमिनियमची. दोन्ही काळ्या रंगवलेल्या, हातात घेतल्याशिवाय फरक कळायचा नाही.

“ते पाण्यावर आहे,” मास्तर म्हणाले. पूर्वी ते पाण्यात उतरायला शिकवायचे, त्यामुळे उत्तर द्यायला बसले की तास घेतल्यासारखं व्हायचं. “थंड पाण्यात जाड सूट लागतो. त्यात हवा असते, ती माणसाला वर ढकलते. तिथं पोलादच हवं. वजन कमी पडलं तर उतरताना पत्ता लागत नाही, कारण भरलेल्या टाकीतल्या हवेलाही वजन असतं. टाकी संपत आली की मात्र माणूस बुचासारखा वर सुटतो. खोलातून थांबत थांबत यावं लागतं. सरळ वर आला, तर रक्तात फेस होतो आणि माणूस जातो.”

“आणि कोमट पाण्यात?”

“पातळ सूट आणि पोलादी टाकी असेल, तर ॲल्युमिनियमच. त्यावर पोलादी प्लेट चढवली नि पिशवी फाटली, तर पाय मारून मारून माणूस दमतो. मग खालीच राहतो.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहायचं टाळलं. तिथं त्यांच्या मुलाचा फोटो होता. कोमट पाणी, पातळ सूट, पोलादी प्लेट. ती मास्तरांनीच बांधून दिली होती.

“आमचे हे कोमट समुद्रातच जातात,” बाई म्हणाल्या. पायाशी आणलेली पोलादी टाकी त्यांनी पुढे सरकवली. “सूट अगदी पातळ. प्लेट पोलादाची द्या.”

“अहो, मी आत्ताच काय सांगितलं?”

“ऐकलं मी. जुनीही पोलादाचीच होती, तिला तडा गेला. यांना सगळं होतं तसंच लागतं. चहाचा कपसुद्धा बदललेला चालत नाही.”

“मग साहेबांनाच घेऊन या. अंगावर चढवून बघू.”

“वाढदिवसाची भेट आहे, मास्तर. आधी दाखवली तर भेट कसली? सगळं टाकीला बांधून तयार द्या. आणि तुमची चिठ्ठी लावा. ती असली की हे उघडूनही बघत नाहीत.”

दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक बांधणीवर मास्तर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावत. प्लेट कशाची, माप काय, खाली सही. बंदरावरचे लोक एक वेळ वजनकाट्यावर संशय घेतील, मास्तरांच्या चिठ्ठीवर नाही.

“साहेबांचा फोन नंबर देता?”

“का? माझी चुगली करायचीय?” बाई हसल्या. मास्तर टाकी आणि दोन्ही प्लेट्स घेऊन आत गेले.

मागच्या खोलीत ते नुसतेच उभे राहिले. पोलिसांना काय सांगणार? बायको नवऱ्याला जड प्लेट घेतेय म्हणून? नाही म्हणावं, तर पलीकडचा दुकानदार डोळे झाकून देईल. एक माणूस मरणार होता आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आणि हे तर ताकही नव्हतं.

मग त्यांनी पोलादी प्लेट भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि ॲल्युमिनियमची उचलली. तिच्यावर जाड गादी चढवली, पट्टे ओवले, पिशवी आणि टाकी कसली. दोन किलोंचा फरक त्या एवढ्या ओझ्यात कुणाला कळणार? ही चोरी त्यांनी आधी एकदाच केली होती, गेल्या वर्षी, एका हट्टी तरण्याताठ्या गिऱ्हाइकासाठी. तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं.

चिठ्ठीवर मात्र त्यांनी ‘पोलाद’ लिहिलं. खाली सही केली.

“झालं?” बाई दारातच उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांची नजर भिंतीवर गेली. पोलादी प्लेट तिथं खिळ्याला परत टांगलेली होती. मास्तर पटकन मधे आले. पण बाईंना काय कळणार, दोन्ही काळ्याच.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आभार मानले.

त्या दिवसापासून मास्तरांना शांत झोप लागू लागली. मुलाच्या फोटोकडे ते सरळ बघू लागले. ‘एक तरी वाचवला रे,’ असं एकदा मोठ्यानं म्हणालेही.

नवव्या दिवशी दुपारी बाई परत आल्या. हातात मोठी पिशवी होती.

“साहेब बरे आहेत ना?” मास्तरांनी घाईने विचारलं.

बाईंनी पिशवीतला सूट टेबलावर पसरला. जाडजूड, बर्फाच्या पाण्यात घालतात तसला, कोपरांवर जुनी ठिगळं असलेला. गळ्यापासून पोटापर्यंत तो कात्रीने उभा कापला होता, घाईत असलेल्या डॉक्टरांनी कापावा तसा.

“डोंगरातलं तळं,” त्या म्हणाल्या. “चाळीस मीटर. वीस वर्षं तिथंच उतरायचे. या खेपेला वर येताना थांबताच आलं नाही.”

“पण तुम्ही तर... कोमट पाणी म्हणालात.”

“चिठ्ठी जपून ठेवलीय मी. तुमच्या अक्षरातली.” बाईंनी सूटची घडी घातली, सावकाश, कडेला कड लावून. “गेल्या वर्षी तुम्ही ज्याला पोलाद सांगून ॲल्युमिनियम बांधून दिलंत ना, मास्तर, तो माझा धाकटा भाऊ. घरी प्लेट वजनकाट्यावर ठेवून बघितली होती त्यानं.”